धाकट्या जावयाने पाडलेला उजेड

माझ्या साडूने काढलेला सासऱ्यांचा फोटो चांगला आहे, हे मी आधीच मान्य करून टाकतो. ते मान्य केल्याशिवाय मला सासुरवाडीत चहासुद्धा मिळत नाही. दारातून आत पाऊल टाकलं की समोरच्याच भिंतीवर तो फोटो आहे, त्यामुळे चपला काढता काढता "वा!" म्हणावं लागतं. एकदा घाईत चपला काढल्या आणि "वा!" राहून गेलं, तर सासऱ्यांनी मला तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

सासरे हयात आहेत, हे इथे सांगायला हवं, कारण भिंतीवरचा मोठा फोटो म्हटलं की लोक उगाच आवाज खाली आणतात. ते नुसते हयात नाहीत, तर दिवसाचा बराचसा वेळ त्या फोटोसमोर खुर्ची टाकून हयात असतात. फोटोत त्यांचा अर्धा चेहरा उजेडात आहे आणि अर्धा काळोखात. उजेडातल्या अर्ध्यावरची एकेक सुरकुती मोजून घ्यावी. बघणारे म्हणतात, "केवढं आयुष्य दिसतंय हो या चेहऱ्यात!" सासऱ्यांनी आयुष्यभर एका कचेरीत बसून नोकरी केली आणि सुट्टीच्या दुपारी झोप काढली. मला त्या फोटोत एवढंच दिसतं, की एक कान आलेला नाही.

हे मी एकदा बोलून दाखवलं. म्हटलं, माणसाचा फोटो काढायचा तर अख्खा काढावा, अर्ध्या माणसाला कसली एवढी मोठी फ्रेम?

"त्याला कला म्हणतात," ही म्हणाली. "तुम्हाला नाही कळायचं."

'तुम्हाला नाही कळायचं' हे वाक्य माझ्या बायकोने मला अनेक विषयांवर ऐकवलं आहे आणि बहुतेक वेळा ते मी निमूटपणे गिळलं आहे. पण ते तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या संदर्भात आलं की माझ्या घशाशी अडकतं. माझा साडू विमा कंपनीत अधिकारी आहे, त्याच्या डोक्यावर अजून सगळे केस आहेत आणि तो फोटो काढतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी त्याला माफ केल्या आहेत. शिवाय तो स्वभावाने चांगला आहे. हा तर कळसच. माणसावर जळायचं असेल तर त्याने निदान थोडा तरी दुष्टपणा करून आपल्याला मदत करायला हवी. हा भेटला की आधी माझी चौकशी करतो, मग जेवताना हळूच म्हणतो, "धाकटे, फोटो उजेडाचा नसतो, सावलीचा असतो." सासरे घास थांबवून मान डोलवतात आणि ही माझ्याकडे अशी बघते, की जणू त्या सावलीत मीच कुठेतरी बसून राहिलो आहे.

तर त्या फोटोच्या शेजारी एक रिकामा खिळा होता. तो सासूबाईंच्या फोटोसाठी होता. साडूने त्यांनाही मागे एकदा खिडकीशी बसवून फोटो काढला होता, पण तो सासूबाईंनी कुणालाच दाखवू दिला नाही. डोळे मिटले म्हणाल्या. पुन्हा काढायचं ठरलं की कधी त्यांचं डोकं दुखे, कधी गुडघा. आणि एके दिवशी सगळे जमलेले असताना त्या एकदम म्हणाल्या, "या वेळी धाकट्या जावयांनीच काढला तर?"

साडूचं नेहमीचं हसू क्षणभर, अगदी क्षणभर, जागेवरून हललं. मी ते पाहिलं. मला फोटो काढता येत नव्हता, माझ्याकडे कॅमेराही नव्हता. पण ते हललेलं हसू पाहिल्यावर नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. मला तो खिळा हवा होता.

"पुढच्या रविवारी," मी म्हणालो. "आमच्या घरी. सगळी व्यवस्था मी करतो."

"तुम्ही?" ही म्हणाली. इतकं छोटं वाक्य आणि त्यात इतका अपमान मी यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

कॅमेरा मिळाला आमच्या ऑफिसातल्या लेखा विभागातल्या मित्राकडून. त्याने तो द्यायला जेवढा वेळ लावला, तेवढ्यात त्याने मुलीचं लग्न ठरवलं असतं. उजेड कसा मोजायचा हे मात्र त्याने मला आमच्या भाषेत समजावलं. कॅमेऱ्यात तीन साहेब बसलेले असतात. पहिला साहेब भोक किती उघडायचं ते ठरवतो, दुसरा ते किती वेळ उघडं ठेवायचं ते, आणि तिसरा आतल्या पडद्याने किती हळवं व्हायचं ते. तिघांचं एकमत झालं तर फोटो नीट येतो. तिघेही कडक असतील तर नुसता काळोख, आणि तिघेही ढिले असतील तर सगळं पांढरंफटक. मी आवक-जावक विभागात आयुष्य काढलं आहे. तीन साहेबांचं एकमत होणं म्हणजे काय, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती.

सरावासाठी मी हिला पांढऱ्या चादरीपुढे बसवलं. फोटोत चादर मळकट करडी आली.

"चादर धुतलेली आहे," ही म्हणाली. "मी आणखी धुणार नाही."

मी मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, कॅमेऱ्याला पांढरं बघवत नाही. समोर पांढरं दिसलं की तो त्याला करडं करायला बघतो. त्याचं ऐकायचं नाही, वर आणखी उजेड द्यायचा." हे ऐकल्यावर मला त्या यंत्राबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. दुसऱ्याचं पांढरं न बघवणं मी समजू शकत होतो.

आता साडू काय करतो हे मला पाठ होतं. तो माणसाला खिडकीशी बसवतो, घरातले दिवे बंद करतो आणि बाहेरच्या आयत्या उजेडावर नाव कमावतो. मी ठरवलं, खिडकी वापरायची नाही. खिडकीतून येणाऱ्या उजेडात माझं कर्तृत्व काय? मी बैठकीच्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांवर घरातली जाड पांघरुणं ठोकली. भर दुपारी खोलीत हात पुढे करून चालावं लागायला लागलं. ही स्वयंपाकघरातून आली ती टीपॉयला धडकली आणि म्हणाली, "फोटो काढायचाय ना? मग उजेड घालवताय कशाला?"

"हा बाहेरचा उजेड आहे," मी म्हणालो. "मी माझा आणणार आहे."

माझा उजेड आणायला इमारतीतल्या लोकांनी मदत केली, म्हणजे त्यांना थांबवणं मला जमलं नाही. वरच्या मजल्यावर नाटकवाले काका राहतात. तरुणपणी त्यांनी हौशी नाटकांना दिवे दिले होते. त्यांनी माळ्यावरून दोन दणदणीत हॅलोजन काढले आणि म्हणाले, "एक दिवा कमी पडला तर नाटक पडतं." मी म्हटलं, काका, नाटक नाही, सासूबाई आहेत. "तेच ते," काका म्हणाले आणि आणखी एक हॅलोजन काढला.

तळमजल्यावरच्या चष्मेवाल्यांनी वेगळाच मुद्दा काढला. "इतके दिवे लावाल तर चष्म्याच्या काचेत दिवेच दिसतील. डोळे कुठून दिसणार?" त्यावर उपाय म्हणून त्यांनी सासूबाईंच्या चष्म्यासारखीच एक फ्रेम काच न बसवता दिली. ही युक्ती मला फार आवडली. साडूला ती सुचली नसती, आणि त्या दिवसांत कुठल्याही गोष्टीची किंमत मी याच मापाने करत होतो.

मग सेक्रेटरी आले. आमच्या इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी हे अर्जाशिवाय शिंकायलाही परवानगी देत नाहीत.

"अर्ज द्या," ते म्हणाले.

"कशाचा?"

"दिव्यांचा."

"अहो, माझ्याच घरात दिवे लावायला अर्ज?"

"दिवे कितीही लावा हो. लोड आमच्या मेनवर येतो."

मी अर्ज दिला. कारण 'कौटुंबिक' लिहिलं होतं म्हणून तो परत आला. कमिटीच्या नियमात दोनच कारणं होती, 'दुरुस्ती' आणि 'समारंभ'. सासूबाईंची दुरुस्ती असं लिहायला माझा हात धजेना, म्हणून 'समारंभ' लिहिलं. समारंभ म्हटल्यावर पाहणीसाठी कमिटीचे सदस्य जातीने हजर राहणार असा नियम निघाला, आणि सदस्य येणार तर त्यांच्या बायकांनी काय पाप केलं होतं? रविवारी दुपारी माझ्या बैठकीच्या खोलीत पांघरुणांच्या काळोखात इतकी माणसं बसली होती, की सासूबाई आत आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय झालं? कुणाला काही झालं का?" त्यांनी घाबरून विचारलं.

"तुमचा फोटो आहे, आई," मी म्हणालो.

त्या ठेवणीतले कपडे करून आल्या होत्या. मी त्यांना चादरीपुढे बसवलं, खरा चष्मा काढून घेतला आणि बिनकाचेची फ्रेम चढवली. त्यांना आता समोरचं काहीच दिसेना, त्यामुळे त्या कॅमेऱ्याऐवजी कपाटाकडे बघून हसू लागल्या. हिच्या हातात मी थर्माकोलचा मोठा तक्ता दिला होता, सावली पडेल तिथे उजेड उलटवायला. काका एका हॅलोजनमागे उभे राहिले. मग एकेक करून तिन्ही हॅलोजन लागले.

असा उजेड मी जन्मात पाहिला नव्हता. भिंतीवरचे आमच्या मुलांच्या लहानपणचे बोटांचे ठसे दिसायला लागले. कोपऱ्यातली जळमटं दिसली, आणि कमिटीच्या बायकांनी ती पाहिलेली हिने पाहिली. सासूबाईंच्या कपाळावर घाम जमू लागला. त्या डोळे गच्च मिटून म्हणाल्या, "जावईबापू, सूर्य जरा लांब करता येईल का?" तेवढ्यात कुणीतरी घाम बघून पंखा लावला, चादर फडफडली, सासूबाईंच्या डोक्यावर आली. चष्मेवाले म्हणाले, फ्रेम वाकडी झाली. काका म्हणाले, डावीकडून आणखी द्या. मी पहिल्या साहेबाला कडक करत होतो तोवर दुसरा ढिला पडत होता. चार-पाच फोटो काढले. त्यातल्या एकात तक्ता होता, एकात हिचा हात, बाकीच्यांत सासूबाईंचे डोळे मिटलेले होते.

"भाऊजींना बोलावू का?" ही तक्त्यामागून म्हणाली.

"कुणाला?" मी म्हणालो. समजलं होतं मला.

"ते खाली आलेतच म्हणे. ताईने फोन केला होता. सहज बघायला."

सहज! मी काही बोलायच्या आत कुठेतरी खाली 'फट्' असा आवाज झाला आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. पांघरुणांनी आपलं काम चोख केलं. खोलीत मिट्ट काळोख झाला. त्या काळोखात जिन्यातून कुणीतरी ओरडलं, "लिफ्ट अडकली! लिफ्टमध्ये माणूस आहे!"

तो माणूस कोण होता हे मला सांगावं लागलं नाही. आयुष्यात एकदाच माझ्या नावाचा समारंभ असतो, आणि त्या दिवशीसुद्धा हा माणूस मधल्या मजल्यावर अडकून सगळ्यांना आपल्याकडे खेचतो, याला काय म्हणावं? ही तक्ता टाकून "भाऊजी!" म्हणत धावली. कमिटी धावली, कमिटीच्या बायका धावल्या, काका आणि चष्मेवाले धावले. सेक्रेटरी मेन बोर्डाकडे गेले. जिन्यातून साडूचा शांत आवाज येत होता, "काही घाई करू नका, मी मजेत आहे," आणि त्यावर सगळ्या बायका किती धीराचे आहेत म्हणून हळहळत होत्या.

खोलीत मी आणि सासूबाई दोघेच उरलो. मी एका खिडकीवरचं पांघरूण कोपऱ्यातून थोडं उचललं. पट्टीएवढा उजेड आत आला. त्यात सासूबाई स्वस्थ बसल्या होत्या.

"आई, तुम्ही नाही गेलात?"

"तुम्ही बसा म्हणालात ना," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "थोरल्यांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही कुणाला. त्यांनी मागे काढलेल्या फोटोत माझे डोळे मिटले नव्हते. पण तोंडावरची रेघन् रेघ आली होती त्यात. यांच्या रेघा बघून लोक म्हणतात आयुष्य दिसतं. माझ्या बघून म्हणतील, म्हातारी किती थकली हो. मला नाही असं भिंतीवर बसायचं."

इतके दिवस मी त्या खिळ्याकडे बघत होतो. त्या फोटोत बसणाऱ्या बाईला काय हवंय हे विचारायचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर साडूचा फोटो त्यांना आवडला नव्हता हे ऐकून मनातून गारगारही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

"मग माझ्याकडून का काढून घेताय?" मी विचारलं.

"तुम्हाला कुठे येतो!" त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुमच्याकडून बिघडेल आणि सुटेन मी एकदाची."

हे ऐकून मी तो अपमान गिळत होतो, तेवढ्यात त्यांना काचा पुसाव्याशा वाटल्या असाव्यात. त्यांनी बोट फ्रेमला लावलं आणि ते आरपार जाऊन थेट डोळ्याशी पोचलं. त्या दचकल्या, बोट बाहेर काढून पाहिलं, पुन्हा आत घातलं, आणि मग काय झालंय ते कळून खळखळून हसायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी झटक्यात कॅमेऱ्याकडे वळलो. काळोख होता म्हणून तिन्ही साहेबांना अगदी ढिलं करून टाकलं, जेवढा उजेड मिळेल तेवढा घ्या म्हटलं, आणि बटण दाबलं.

नेमक्या त्याच क्षणी सेक्रेटरींनी खाली कमिटीच्या कुठल्याच नियमात न बसणारी जाड तार घालून वीज आणली. तिन्ही हॅलोजन बंद करायचे राहिले होते. ते एकदम पेटले.

साडूला घेऊन मंडळी वर आली ती एखादा गड जिंकून आल्यासारखी. त्याच्या केसांची घडीसुद्धा मोडली नव्हती. त्याने आधी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत डोकावला आणि अत्यंत हळुवार आवाजात म्हणाला, "ओव्हर गेलाय हो, धाकटे. फारच ओव्हर."

फोटो पांढराफटक होता. चादर गेली होती, खुर्ची गेली होती, कपडे गेले होते. त्या सगळ्या पांढऱ्यात दोन डोळे, चष्म्याची फ्रेम, नाकाखालची बारीक सावली आणि एक भलंमोठं हसू एवढंच उरलं होतं. काका म्हणाले, "नाटक पडलं." ही जळमटांकडे बघत होती.

"मला बघू द्या," सासूबाई म्हणाल्या. मी त्यांचा खरा चष्मा दिला. त्यांनी कॅमेरा जवळ धरला आणि पुष्कळ वेळ पाहिलं. एकदा आपल्या गालावरून हात फिरवला.

"हाच," त्या म्हणाल्या.

"अहो आई, यात तुम्ही धड दिसतसुद्धा नाही," ही म्हणाली.

"मला दिसतेय मी," सासूबाई म्हणाल्या आणि तो विषय संपला.

छापायला नेला तेव्हा स्टुडिओवाल्याने मला दोनदा विचारलं की यात चेहरा शोधून काढायचाय का. मी म्हटलं, हात लावायचा नाही. फोटो फ्रेम करून खिळ्यावर गेला. त्या संध्याकाळी साडूने मला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, काहीसा आंबट. "एक विचारू? एक्स्पोजर नक्की काय ठेवलं होतंत?"

"ते अंगात असावं लागतं," मी म्हणालो, आणि रात्रभर मला गाढ झोप लागली.

पण सुख भोगायला मला काही दिवससुद्धा मिळाले नाहीत. सासऱ्यांचे जुने मित्र आणि नातेवाईक जेवायला आले होते. चपला काढता काढता सगळे भिंतीपुढे उभे राहिले. एकीकडे काळोखातून निघालेले सासरे, दुसरीकडे उजेडात विरघळलेल्या सासूबाई. मग सासऱ्यांचा एक मित्र डोळे टिपत म्हणाला, "वा! एक सावलीचा, एक उजेडाचा. थोरल्या जावयांनी कमाल केली!"

मी खाकरलो. मी पुढे व्हायच्या आत साडूच पुढे झाला. मी म्हटलं ना, तो स्वभावाने चांगला आहे.

"नाही नाही," तो म्हणाला. "तो माझा नाही. धाकट्यांचा आहे. मला असा फोटो कधी जमला नाही, जमणारही नाही."

सगळे थक्क झाले. मित्राने साडूचा हात हातात घेतला. "बघा, याला म्हणतात मोठेपणा! स्वतःचं काम, आणि धाकट्याचं नाव पुढे करतोय!" सासरे गहिवरले. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "शिका काही त्यांच्याकडून." साडू जीव तोडून खरं सांगत होता, आणि तो जितका सांगत होता, तितका लोकांच्या नजरेत उंच होत होता.

मी हिच्याकडे पाहिलं. म्हटलं, निदान ही तरी. हिने त्या दिवशी हातात तक्ता धरला होता. हिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"किती मोठं मन आहे नाही, भाऊजींचं," ती म्हणाली.

"अगं, पण फोटो खरंच मी काढलाय!"

"हो हो, तुम्हीच काढलाय," ती पदराने डोळे टिपत म्हणाली. "पण चारचौघांत असं बोलून दाखवायला मन लागतं."